प्रत्येक मोहल्ल्याला एक जलालुद्दीन हवा

(वाचन प्रेरणा दिनानिमित्त भरलेल्या युवक मेळाव्यातील भाषण)





आज १५ ऑक्टोबर. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ साली कलामसाहेब गेले आणि त्याच वर्षापासून महाराष्ट्रात हा दिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होऊ लागला. आज सकाळी शाळाशाळांतून त्यांच्या फोटोला हार घातले गेले असतील. मुलांना रांगेत बसवून कुणीतरी सांगितलं असेल, "बाळांनो, खूप वाचा आणि कलाम व्हा."

मला आज मुलांच्या मोठ्या भावा-बहिणींशी बोलायचं आहे, म्हणजे तुमच्याशी. आणि तुम्हाला कलाम व्हायला मी सांगणार नाही. माझी मागणी त्याहून सोपी आहे. तुम्ही जलालुद्दीन व्हा.

कोण हा जलालुद्दीन? कलामसाहेबांचं 'विंग्ज ऑफ फायर' हे आत्मचरित्र १९९९ साली आलं. माधुरी शानभाग यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद 'अग्निपंख' आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. आपण तो उघडतो आणि रॉकेटच्या प्रकरणांकडे पळतो. सुरुवातीची पानं मात्र सावकाश वाचायला हवीत.

१९३१ साली रामेश्वरमच्या मशीद गल्लीत एक मुलगा जन्मला. त्याच्या बालपणी आसपास पुस्तकं दुर्मीळच होती. अख्ख्या रामेश्वरममध्ये वाचता येणारी माणसं साधारण हजारभर. अशा ठिकाणी या मुलाला वाचनाची गोडी लागली कशी? त्या पानांत चार उत्तरं सापडतात.

पहिलं उत्तर घरातलं. आई आणि आजी झोपताना गोष्टी सांगायच्या. त्यात प्रेषितांच्या जीवनातले प्रसंग असत आणि रामायणातलेही.

दुसरं उत्तर शमसुद्दीन. हा चुलतभाऊ गावातला एकमेव पेपरविक्रेता. छोट्या अब्दुलला अजून छापील मजकूर वाचता येत नव्हता. गिऱ्हाइकांकडे पेपर जाण्याआधी तो नुसती चित्रं बघायचा. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गाडी रामेश्वरमला थांबेनाशी झाली. धावत्या गाडीतून फेकलेले पेपरचे गठ्ठे गोळा करायला शमसुद्दीनला मदतनीस लागला आणि या मुलाला आयुष्यातली पहिली कमाई मिळाली.

तिसरं उत्तर एस. टी. आर. माणिकम. हे एकेकाळचे क्रांतिकारक. त्यांच्या घरी पुस्तकांचा बऱ्यापैकी मोठा संग्रह होता. ते या मुलाला म्हणायचे, वाच, जमेल तेवढं वाच, आणि पुस्तकं घरी नेऊ द्यायचे.

आणि चौथं उत्तर अहमद जलालुद्दीन. कलामांपेक्षा सुमारे १५ वर्षांनी मोठा. पुढे तो त्यांच्या बहिणीचा, जोहराचा नवरा झाला. घरच्या गरिबीमुळे त्याचं शिक्षण मधेच थांबलेलं. तरीही त्या बेटावर इंग्रजी लिहिता येणारा तो एकटाच होता आणि ज्याला गरज असेल त्याला अर्ज, पत्रं लिहून द्यायचा. रोज संध्याकाळी तो या छोट्या मुलाला लांब फिरायला न्यायचा. विज्ञानातले शोध, नवी पुस्तकं, बाहेरचं जग, सगळ्याबद्दल बोलायचा. युद्धाच्या हकिकती सांगायचा. आणि मग हा आठ वर्षांचा मुलगा 'दिनमणी' या तमिळ पेपरच्या मथळ्यांत त्या हकिकती शोधत बसायचा.

दोस्तांनो, मुलाला वाचनाची गोडी लागते ती अशी. आधी कानावर गोष्ट पडते, ती सांगणारा माणूस आपला असतो, आणि मग तीच गोष्ट कागदावर शोधायची ओढ लागते. जलालुद्दीनने 'अभ्यास कर, वाच' असं म्हणून पाठ फिरवली असती, तर त्या मथळ्यांत शोधण्यासारखं त्या मुलाला काय राहिलं असतं?

आपल्या जलशांमध्ये 'इक्रा'चा उल्लेख हमखास होतो. पहिला आदेशच 'वाच' असा होता, असं वक्ता सांगतो, आपण मान डोलावतो, सुभानअल्लाह म्हणतो. मग घरी येतो. घरात टीव्ही आहे, चार मोबाइल आहेत, शोकेसमध्ये काचेचा डिनर सेट आहे. मुलांचं स्वतःचं म्हणावं असं एक तरी पुस्तक आहे का? शाळेची पाठ्यपुस्तकं सोडून? आज घरी गेल्यावर एकदा मोजून बघा.

आता परिस्थितीकडे बघू. ग्रामीण भारतातल्या मुलांची 'असर' ही पाहणी होते. तिच्या २०२२ च्या अहवालानुसार तिसरीतल्या पाच मुलांपैकी जेमतेम एकालाच दुसरीच्या पातळीचा धडा वाचता आला. यात सगळ्या समाजांची मुलं आहेत. ज्या मुलाला तिसरीत वाचता येत नाही, त्याला पाचवीत इतिहास कळत नाही, सातवीत गणिताचं शाब्दिक उदाहरण कळत नाही. नववीत तो गॅरेजमध्ये जायला लागतो आणि आपण म्हणतो, "त्याचं मनच नव्हतं अभ्यासात." त्याचं मन होतं. पान वाचून कळत नव्हतं, एवढंच.

आपल्या मुलांच्या वाटेत आणखी एक वळण आहे. घरी दखनी, कोकणी किंवा उर्दू. मकतबमध्ये अरबी. शाळेत मराठी किंवा उर्दू, आणि हल्ली इंग्रजी. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तीन लिप्या ओळखता येतात. ही मोठी कमाई आहे, पण ती आपल्याला दिसत नाही. आपल्याला दिसतं ते काय? वर्गात एखादी शबाना मोठ्याने धडा वाचायला उभी राहते, 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो, मागच्या बाकावरून हसू येतं. शिक्षकही कधी कधी हसतात. ती मुलगी त्या दिवसानंतर हात वर करत नाही. घरी येऊन सांगते, "मेरेकू मराठी नै आती." मराठी तिला येत होती. तिचा आवाज हिरावून घेतला गेला.

अशा मुलीला पहिली मदत कुठली करायची? उच्चार सुधारायची घाई नको. तिच्याजवळ बसा आणि मराठी पुस्तक वाचून दाखवा. मधेमधे दखनीत बोला. 'फिर क्या हुआ होगा?' असं विचारा. गोष्टीची भाषा मराठी आणि गप्पांची भाषा घरची, हे खुशाल चालू द्या. उच्चार ऐकून ऐकून येतात. हसं झाल्यावर ते कधीच येत नाहीत.

काही जण विचारतील, कुठली पुस्तकं द्यायची? आपली की त्यांची? मला हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. गोष्टींचा प्रवास बघितला तर त्याचं उत्तर मिळतं. पंचतंत्र इथलं. ते पहलवी भाषेत गेलं आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत नेलं. तिथे त्याचं नाव झालं 'कलीला व दिमना', म्हणजे आपले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे. इकडे एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरेबियन नाइट्स मराठीत आणायला घेतलं, 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी'. सिंदबाद आणि अलिबाबा मराठी घरांत लहानाचे मोठे झाले. बगदादच्या मुलांनी आपल्या कोल्ह्यांच्या गोष्टी ऐकल्या आणि पुण्याच्या मुलांनी बगदादच्या. मग आपण मुलांच्या कपाटात कुंपण कशाला घालायचं?

तरीही 'आपलं' या शब्दामागे एक खरी भूक आहे, ती ओळखली पाहिजे. रुडीन सिम्स बिशप या आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९० साली एक साधी गोष्ट मांडली. पुस्तक मुलासाठी खिडकी असतं, त्यातून दुसऱ्याचं जग दिसतं. आणि पुस्तक आरसाही असतं, त्यात स्वतःचं जग दिसतं. ज्या मुलाला पुस्तकांत स्वतःचा चेहरा कधीच दिसत नाही, त्याच्या मनात बसतं की गोष्टी दुसऱ्यांच्या असतात. आणि ज्याला फक्त स्वतःचाच चेहरा दिसतो, त्याला जग आपल्याएवढंच आहे असं वाटतं. हे दुसरं वाक्य आपल्यालाही लागू आहे.

आरसा हवा असेल तर प्रेमचंदांची 'ईदगाह' वाचून दाखवा. १९३३ सालची गोष्ट. हामिदकडे ईदीचे तीन पैसे, आणि तो खेळणं न घेता दादीसाठी चिमटा घेतो, कारण भाकरी भाजताना तिची बोटं भाजतात. ही गोष्ट लिहिणारा माणूस मुसलमान नव्हता, पण हामिदला त्याने किती जवळून पाहिलं होतं!

दुसरी गोष्ट डॉ. झाकीर हुसेन यांची. जामिया मिल्लियाचे ते दोन दशकांहून अधिक काळ कुलगुरू होते, १९६७ साली राष्ट्रपती झाले. एवढ्या कामाच्या माणसाने मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. त्यांची 'अब्बू खां की बकरी' मूळ एका फ्रेंच कथेवरून बेतलेली आहे, पण घडते अल्मोड्याच्या डोंगरात. चांदनी नावाची बकरी दावं तोडून डोंगरात जाते. रात्री लांडगा येतो. ती पहाटेपर्यंत झुंजते आणि मरते. झाडावरच्या पाखरांत वाद होतो, जिंकलं कोण? बाकीची म्हणतात लांडगा, एक म्हातारं पाखरू म्हणतं चांदनी. ही गोष्ट मुलांना वाचून दाखवा आणि गप्प बसा. तात्पर्य सांगू नका. मुलं आपसांत भांडू लागतील. कुणी म्हणेल ती घरीच राहिली असती तर बरं झालं असतं, कुणी म्हणेल नाही. त्या भांडणात मुलं विचार करायला शिकतात. आपण 'तर मुलांनो, या गोष्टीवरून काय बोध मिळतो' असं म्हणालो की ते भांडण मरतं.

खिडक्या तर भरपूर आहेत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. माधुरी पुरंदरे यांची 'यश' आणि 'राधाचं घर' ही छोट्यांची पुस्तकं आहेत, चित्रंही त्यांचीच. तेत्सुको कुरोयानागी यांची जपानी 'तोत्तोचान' नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणली आहे. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा त्यात आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. उर्दू वाचणाऱ्यांसाठी मुंबईहून निघणारं 'गुल बूटे' आहे. प्रथम बुक्सने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' ही वेबसाइट सुरू केली. तिच्यावर अनेक गोष्टी मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत सापडतात, तेही फुकट. म्हणजे ज्या मोबाइलला आपण दिवसभर शिव्या देतो, त्यावर पंधरा मिनिटं गोष्ट उघडता येते.

आणि जो आरसा बाजारात मिळत नाही, तो घरी बनवा. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्यानंतर आपल्या माणसांनी मराठीत कविता लिहिल्या, कथा लिहिल्या, वैचारिक ग्रंथ लिहिले. मुलांसाठी मात्र फार थोडं लिहिलं गेलं. हे काम तुमच्या पिढीचं आहे. सुरुवात साधी असू दे. चार कोरे कागद दुमडा, मधे स्टेपल मारा. मुलाला म्हणा, तू सांग, मी लिहितो. 'नानीच्या गावची विहीर', 'मोहर्रमचं सरबत', 'अब्बूंची रिक्षा'. मुलं बोलतील तसं लिहा, चित्रं त्यांना काढू द्या. मुखपृष्ठावर त्यांचं नाव घाला. स्वतःचं नाव पुस्तकावर पाहिलेलं मूल दुसऱ्यांची पुस्तकंही उघडायला लागतं.

आता कामाची पद्धत. चार-पाच गोष्टी सांगतो, लिहून घ्या.

एक. रोज पंधरा मिनिटं, ठरलेल्या वेळी. मगरिबनंतर किंवा झोपण्याआधी. पुस्तक मुलानं निवडायचं. तेच ते पुस्तक दहा वेळा मागितलं तरी वाचा. दहाव्या वेळी ते मूल तुमच्या आधी वाक्य पूर्ण करेल. वाचनाची सुरुवात तिथूनच होते.

दोन. वाचताना शब्दांखालून बोट फिरवा. रंगात आलेल्या जागी थांबा. "पुढचं उद्या." मग बघा, दुसऱ्या दिवशी पुस्तक कोण शोधून आणतं.

तीन. पुस्तक झेपेल का हे बघायला एक जुनी युक्ती आहे. कुठलंही पान उघडायचं. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोडायचं. एकाच पानावर पाचही बोटं मोडली गेली, तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवा, मुलाला एकट्याने वाचायला थोडं सोपं द्या.

चार. परीक्षा घेऊ नका. दानिएल पेनाक या फ्रेंच शिक्षक-लेखकाने १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगितले. पहिलाच हक्क आहे न वाचण्याचा. पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्कही त्यात आहे. आपण मोठे हे हक्क रोज वापरतो, मुलांना मात्र नाकारतो. कॉमिक वाचतोय? वाचू दे. क्रिकेटचं पान वाचतोय? तेही वाचनच आहे.

पाच. मुलींचा विचार आधी करा. आपल्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी डोकावून बघा. टेबलाभोवती पेपर वाचणारे पुरुष बसलेले दिसतील. तिथे सहावीतली मुलगी एकटी जाऊन बसेल का? तिला कुणी मनाई केलेली नसते, पण तिच्यासाठी खुर्चीही नसते. म्हणून पुस्तकं मोहल्ल्यात, एखाद्या घराच्या पुढच्या खोलीत यायला हवीत.

हे अवघड नाही. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०२१ साली एका शाळकरी मुलीने आपल्या मोहल्ल्यात मुलांची लायब्ररी सुरू केली. लॉकडाऊनने शाळा बंद पडल्या होत्या, मुलं गल्लीत मोकळी फिरत होती. तिच्या पाठीशी पुस्तकांचं काम करणारे वडील उभे राहिले, शहरातली माणसं उभी राहिली, आणि एकीच्या अनेक मोहल्ला लायब्रऱ्या झाल्या. तुम्हाला सुरुवातीला लागतं काय? पन्नास पुस्तकं, एक लोखंडी रॅक, एक वही. पुस्तकं रद्दीच्या दुकानात किलोवर मिळतात, कॉलेजातल्या मित्रांकडे लहानपणीची पडून असतात. आठवड्यातून दोन दिवस, दोन तास. वही सांभाळायला आठवीतली एखादी मुलगी. दंड ठेवू नका. पुस्तक फाटलं तर मुलांबरोबर बसून चिकटपट्टी लावा. फाटलेलं पुस्तक म्हणजे कुणीतरी ते उघडलं होतं.

कलामांचा जन्म झाला त्याच १९३१ साली, मद्रासमध्ये, एस. आर. रंगनाथन यांचं ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचं पुस्तक आलं. त्यातलं पहिलं सूत्र सांगतं की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. आज किती शाळांत पुस्तकांचं कपाट कुलूपबंद आहे? हेडमास्तर म्हणतात, मुलं फाडतील. तपासणीच्या दिवशी कुलूप निघतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा लागतं.

इथे नागरिक म्हणून आपलं काम सुरू होतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि सर्व विषयांची पुस्तकं असतील, आणि त्यांत गोष्टीची पुस्तकंही असतील. 'गोष्टीची पुस्तकं' हे शब्द कायद्यात आहेत. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. तुमचे आई-वडील, चाचा, खाला त्या समितीत जाऊ शकतात. तिथे शांतपणे विचारायचं, सर, या महिन्यात मुलांनी किती पुस्तकं घरी नेली? नोंदवही दाखवता का? मोर्चा काढायची गरज नाही. हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतंय एवढं कळलं, तरी कुलूप उघडं राहायला लागतं. गावातल्या अनुदानित सार्वजनिक वाचनालयातही जा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली त्यांना सरकारी पैसा मिळतो, तो आपल्या सगळ्यांचा आहे. बालविभाग कुठे आहे, उर्दू पुस्तकं आहेत का, मुलींसाठी वेगळी वेळ ठेवता येईल का, हे विचारा. आणि आपल्याच वस्तीतल्या नाही, शेजारच्या वस्तीतल्या मुलांसाठीही विचारा. माणिकमनी मशीद गल्लीतल्या मुलाला पुस्तकं दिली होती, हे विसरू नका.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर आहात. काहींचं शिक्षण जलालुद्दीनसारखं अर्ध्यावर थांबलं असेल. त्याने ते कारण पुढे केलं नाही. त्याला जेवढं येत होतं, तेवढं त्याने आपल्यापेक्षा १५ वर्षांनी लहान असलेल्या मुलाला दिलं. आपण ज्याला हात देतोय तो पुढे राष्ट्रपती होईल, हे त्याला माहीत नव्हतं. तुमच्यासमोर बसलेलं मूलही कदाचित राष्ट्रपती होणार नाही. ते चांगला मेकॅनिक होईल, नर्स होईल, शेतकरी होईल. पण औषधाच्या बाटलीवरचं, कर्जाच्या कागदावरचं आणि मतदारयादीतलं ते स्वतः वाचेल. आणि रात्री आपल्या मुलांना गोष्ट वाचून दाखवेल.

म्हणून या आठवड्यात एकच करा. घरातलं किंवा शेजारचं एक मूल निवडा, एक पुस्तक मिळवा, आणि सात दिवस रोज पंधरा मिनिटं त्याच्याजवळ बसा. पुढच्या बैठकीला येताना मला संख्या सांगू नका. त्या मुलाचं नाव सांगा, आणि त्याला कुठली गोष्ट आवडली ते सांगा.